रक्तपेढीच्या नोंदी परत मिळवा: रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाला खुले पत्र

मा. अध्यक्ष आणि सर्व विश्वस्त,
सप्रेम नमस्कार.

रक्तपेढीच्या खिडकीशेजारी सध्या एक सूचना लावलेली आहे. तांत्रिक बिघाडामुळे रुग्णांच्या जुन्या नोंदी उपलब्ध नाहीत, रुग्णांनी मागील कागदपत्रे सोबत आणावीत, गैरसोयीबद्दल क्षमस्व. खाली कोणाची सही नाही, तारीख नाही. आम्ही काही पालकांनी चौकशी केली तेव्हा कळलं की मंडळाच्या दृष्टीने हा विषय संपलेला आहे. नवीन सॉफ्टवेअर घ्यायचं ठरलंय, त्याच्यासोबत नवीन संगणक येणार आहेत, जुने संगणक आणि बंद पडलेला सर्व्हर भंगारात निघणार आहे. गेलेल्या नोंदींचं काय, यावर "आता काही करता येणार नाही" एवढंच उत्तर मिळालं. लेखी अर्ज दिला, त्याला पोचही मिळाली नाही. म्हणून हे पत्र सर्वांसमोर लिहिते आहे.

रुग्णालयाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. तिथल्या डॉक्टरांनी आणि सिस्टरांनी माझ्या मुलाला लहानाचा मोठा केलाय. त्यांच्या कामावर शिंतोडे उडवायचे नाहीत. ज्यांच्यासाठी लिहिते आहे त्यांना ते कळेलच.

माझ्या मुलाला थॅलेसेमिया मेजर आहे, म्हणजे त्याच्या शरीरात पुरेसं हिमोग्लोबिन तयार होत नाही असा जन्मजात आजार. अशा मुलांना दर दोन ते पाच आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं, आयुष्यभर. इतक्या वेळा परक्याचं रक्त शरीरात गेलं की काही मुलांच्या शरीरात त्या रक्तातल्या एखाद्या घटकाविरुद्ध अँटिबॉडी तयार होतात. माझ्या मुलाच्या शरीरात अँटी-केल तयार झाली, म्हणजे काही लोकांच्या लाल पेशींवर असणाऱ्या केल नावाच्या घटकाविरुद्धची अँटिबॉडी. ती तुमच्याच रक्तपेढीने शोधली, आणि तेव्हापासून त्याला केल-निगेटिव्ह, म्हणजे तो घटक नसलेली, पिशवीच द्यायची, असं ठरलं.

आता यातली जी गोष्ट मंडळापर्यंत पोचलेली दिसत नाही, ती सांगते. ही अँटिबॉडी कालांतराने रक्तात इतकी कमी होते की तपासणीत सापडत नाही. अँटिबॉडीचं स्क्रीनिंग निगेटिव्ह येतं, क्रॉसमॅच (पिशवीतलं रक्त रुग्णाच्या रक्ताशी ताडून पाहणं) जुळतं, कागदावर सगळं बरोबर दिसतं. पण शरीर ती विसरलेलं नसतं. चुकीची पिशवी गेली की काही दिवसांत अँटिबॉडी पुन्हा झपाट्याने वाढते आणि चढवलेलं रक्त फुटायला लागतं. तोपर्यंत मूल घरी आलेलं असतं. हे टाळण्याचा उपाय एकच: जुनी नोंद. म्हणून जगभरातल्या रक्तपेढ्या पिशवी देण्याआधी रुग्णाचा पूर्वीचा इतिहास तपासतात. आजची तपासणी कितीही चांगली असली तरी ती त्या इतिहासाची जागा घेऊ शकत नाही.

सूचना लागल्यानंतर आम्ही पहिल्यांदा रक्तासाठी आलो, तेव्हा पडद्यावर माझ्या मुलाच्या नावापुढे कोणतीही अँटिबॉडी नव्हती. मी घरची फाइल उघडून जुना रिपोर्ट दाखवला. टेक्निशियनताईंनी तो दोनदा वाचला, लगेच फोन फिरवले, आणि केल-निगेटिव्ह पिशवी मिळेपर्यंत आम्हाला थांबवून ठेवलं. त्यांचे आभार मानावेत तेवढे थोडे. पण कर्जतहून, पालघरहून पहाटेची लोकल पकडून येणाऱ्या आयांकडे अशी फाइल असेलच असं नाही. कोणाची पावसात भिजली असेल, कोणाची भाड्याचं घर बदलताना हरवली असेल. त्यांनी ती जपून ठेवायलाच हवी होती, असं रुग्णालय म्हणू शकत नाही. नोंद ठेवणं हे रुग्णालयाचं काम होतं.

मी स्वतः फोर्टमधल्या एका कार्यालयात संगणकांचं नेटवर्क सांभाळते. बॅकअप, म्हणजे डेटाची राखीव प्रत, घेणं, तो तपासणं, वेळ आली की त्यातून डेटा परत काढणं हे माझं रोजचं काम आहे. त्यामुळे पालकांच्या बैठकीत तुमच्या संगणक विभागातल्या मुलांनी जे सांगितलं ते मला नीट समजलं. त्यांनी काहीही लपवलं नाही, आणि त्यांच्यावर खापर फोडू नये ही माझी पहिली विनंती आहे. दोन माणसांनी प्रिंटर दुरुस्त करायचे, ओपीडीची रांग अडली की धावायचं आणि रात्री बॅकअपही बघायचा, अशी ती व्यवस्था होती.

झालं काय, ते आधी सांगते. सर्व्हर बंद पडला आणि त्यातल्या दोन्ही डिस्क एकाच वेळी गेल्या. मग बॅकअपमधून नोंदी परत काढायला घेतल्या, तर त्या पूर्ण निघाल्या नाहीत. पण बॅकअप तर "रोज होत होता". रोज होत असूनही का निघाल्या नाहीत, हे समजून न घेता नवीन सॉफ्टवेअर घेतलं तर तेही याच वाटेने जाईल. म्हणून थोडं सविस्तर लिहिते. तुम्ही उद्योग, शिक्षण, कायदा अशा क्षेत्रांतली माणसं आहात. यात तुम्हाला समजणार नाही असं काहीही नाही.

तुमचा सगळा डेटा मिळून सुमारे २ टेराबाइट आहे, असं सांगण्यात आलं. तो रोज रात्री पूर्णच्या पूर्ण दुसरीकडे उतरवायचा म्हटलं तर काय लागेल? १ गिगाबिटच्या नेटवर्कवरून सेकंदाला जास्तीत जास्त १२५ मेगाबाइट जातात. म्हणजे २ टेराबाइटला साडेचार तासांच्या आसपास, तेही वायर पूर्ण मोकळी असेल तर. वाटेत कुठे १०० मेगाबिटचा जुना स्विच असेल तर तेच काम ४४ तासांवर जातं. एक रात्र पुरत नाही. त्यात रुग्णालय चोवीस तास चालू असतं, आपत्कालीन विभागाला तेच नेटवर्क लागतं.

म्हणून इन्क्रिमेंटल बॅकअप. आठवड्यातून एकदा, साधारण रविवारी, सगळ्याची पूर्ण प्रत घ्यायची. त्याला फुल बॅकअप म्हणतात. मग सोमवारी फक्त रविवारनंतर बदललेलं उतरवायचं, मंगळवारी फक्त सोमवारनंतर बदललेलं. रोजचा बदल एकूण डेटाच्या मानाने थोडा असतो, त्यामुळे काम पटकन उरकतं आणि जागाही कमी लागते. पद्धत चांगली आहे, मीही तीच वापरते. पण तिच्या काही अटी आहेत, आणि त्या पाळल्या गेल्या नाहीत तर प्रत आहे असं नुसतं वाटत राहतं.

वाण्याकडच्या उधारीच्या वहीत मागची बाकी आणि त्यानंतरची रोजची नोंद, असं मिळून आजचा हिशेब निघतो. मधलं एक पान फाटलं तर पुढचे आकडे दिसतात, पण हिशेब लागत नाही. इन्क्रिमेंटलचंही तसंच आहे. गुरुवारी सर्व्हर गेला तर रविवारची पूर्ण प्रत, मग सोमवार, मंगळवार, बुधवार अशा सगळ्या प्रती त्याच क्रमाने परत चढवाव्या लागतात. मंगळवारची वाचता आली नाही तर मंगळवारी बदललेलं गेलं, आणि बुधवारचं जे मंगळवारच्या आधारावर उभं आहे तेही भरवशाचं राहत नाही. ही साखळी जितकी लांब, तितका धोका मोठा.

तुमच्याकडे ती साखळी किती लांब होती? बॅकअपची डिस्क भरली म्हणून रविवारचा फुल बॅकअप बंद पडला होता. आठवडे उलटले, महिने उलटले. रोजचा इन्क्रिमेंटल छोटा असल्यामुळे उरलेल्या जागेत बसत राहिला आणि पडद्यावर "यशस्वी" अशी हिरवी खूण येत राहिली. ती खूण खोटी नव्हती. त्या रात्रीचं काम खरंच यशस्वी होत होतं. पण ज्या पूर्ण प्रतीवर ते उभं होतं ती मागे, फार मागे राहून गेली होती. आणि परत चढवताना मधली एक प्रत वाचताच आली नाही.

डिस्क भरल्याचं पत्र संगणक विभागाने वर पाठवलं होतं, नवीन डिस्क मागितली होती. ती मागणी पुढच्या आर्थिक वर्षावर ढकलली गेली. ही माझी पहिली तक्रार आहे आणि ती थेट मंडळाकडे आहे. रुग्णालयाच्या खर्चात एका डिस्कची किंमत कुठेही दिसणार नाही इतकी लहान असते. तिच्यासाठी मार्च उलटायची वाट कोणी पाहायला लावली, हे आम्हाला कळलं पाहिजे.

दुसरी तक्रार माझ्याकडच्या कागदांवरून सांगते, कारण ती मला सगळ्यात जास्त लागली आहे. माझ्या फाइलमध्ये रक्तपेढीचे काही रिपोर्ट असे आहेत ज्यांच्यावर छापलेली तारीख १ जानेवारी २००९ आहे. तेव्हा माझा मुलगा जन्मलाही नव्हता. प्रत्येक ठिकाणी टेक्निशियनताईंनी ती तारीख निळ्या पेनाने खोडून बरोबर तारीख लिहिली आहे आणि बाजूला छोटी सही केली आहे. त्या वेळी मला ही किरकोळ गोष्ट वाटेल असंच होतं, पण कामाची सवय म्हणून मी विचारलं. रक्तपेढीतल्या त्या संगणकाच्या आतला घड्याळाचा सेल संपला होता. सीआर २०३२ नावाचा, रुपयाच्या नाण्याएवढा गोल सेल, कोणत्याही घड्याळाच्या दुकानात मिळतो. तो संपला की वीज गेल्यावर किंवा रात्री मुख्य बटण बंद केल्यावर संगणक आपली तारीख विसरतो आणि कारखान्यातून निघतानाच्या तारखेवर जाऊन बसतो. नेटवर्कवरच्या वेळेच्या सर्व्हरशी तो जोडलेला असता तर सुरू होताच तारीख दुरुस्त झाली असती. तो जोडलेला नव्हता.

याचा बॅकअपशी काय संबंध? इन्क्रिमेंटल बॅकअपला "काय बदललं" हे कोणीतरी सांगावं लागतं. बऱ्याच ठिकाणी ते फाइलच्या तारखेवरून ठरतं: काल रात्रीच्या बॅकअपनंतरची तारीख असेल तर उतरवून घे, आधीची असेल तर आधीच घेतलेली असणार, सोडून दे. रक्तपेढीत सही केलेला कागद स्कॅन केला की त्या स्कॅनवर या संगणकाची २००९ ची तारीख बसायची. मग ती फाइल सर्व्हरवर कॉपी व्हायची, आणि कॉपी करताना जुनी तारीख तशीच राहते. रात्री बॅकअप आला, त्याने तारीख पाहिली, २००९, आणि फाइल ओलांडून पुढे गेला. दुसऱ्या रात्री पुन्हा तेच. रविवारचा फुल बॅकअप चालू असता तर त्याने तारीख न पाहता सगळंच उचललं असतं आणि ही चूक आठवड्याच्या आत भरून निघाली असती. पण तो बंद होता.

म्हणजे आमच्या मुलांचे सही-शिक्क्याचे अँटिबॉडी रिपोर्ट सर्व्हरवर होते, रोज दिसत होते, उघडत होते, आणि त्यांची दुसरी प्रत एकाही रात्री झाली नाही. कोणतंही सॉफ्टवेअर यात बिघडलेलं नव्हतं. प्रत्येकाने आपलं काम सांगितल्याप्रमाणे केलं. चांगली साधनं केवळ तारखेवर विसंबत नाहीत. आधीच्या बॅकअपमधल्या फाइलींची यादी जवळ ठेवतात, नावं आणि आकार ताडून पाहतात, यादीत नसलेली फाइल दिसली की तारीख काहीही असो, उचलतात. काही साधनं फाइलच्या मजकुराचा ठसा काढून तोच ताडतात. आरसिंक नावाचं साधन १९९६ पासून सर्वांना मोफत उपलब्ध आहे. मोठी फाइल थोडी बदलली तर तिचे बदललेले तुकडेच नेटवर्कवरून पाठवण्याची युक्ती त्यात आहे, आणि तारखेवर भरवसा नसेल तर मजकूर ताडून पाहण्याची सोयही आहे.

तिसरी गोष्ट, मुख्य डेटाबेसची. रुग्णांची यादी, पिशव्यांचे क्रमांक, गट हे सगळं एका मोठ्या फाइलमध्ये असतं आणि ती फाइल रात्रीसुद्धा उघडी असते, कारण रक्तपेढी रात्रीसुद्धा चालू असते. उघड्या फाइलवर लिहिणं चालू असताना ती साधी कॉपी केली तर अर्धा भाग दोन वाजून दहा मिनिटांचा आणि अर्धा दोन वाजून वीस मिनिटांचा, अशी प्रत तयार होते. ती परत चढवली की डेटाबेस उघडतच नाही, किंवा उघडतो आणि आत विसंगती असतात. त्यासाठी डेटाबेसचा स्वतःचा बॅकअप घ्यायचा असतो, किंवा त्या क्षणाचा स्नॅपशॉट, म्हणजे एका क्षणी होती तशी गोठवलेली स्थिती, घेऊन मग कॉपी करायची असते. शिवाय दिवसभरातल्या प्रत्येक बदलाचा जो लॉग डेटाबेस लिहितो, तो दर काही मिनिटांनी दुसऱ्या जागी पाठवता येतो. मग सर्व्हर दुपारी चार वाजता गेला तरी जवळजवळ चार वाजेपर्यंतचं सगळं परत येतं. तुमच्याकडे साधी कॉपी होत होती.

यातच एक उपमुद्दा आहे, ज्याची मला काळजी वाटते. इन्क्रिमेंटलमध्ये काय नवीन आलं याच्याइतकंच काय काढून टाकलं, हेही नोंदवावं लागतं. ते नोंदवलं नसेल तर परत चढवताना रद्द केलेल्या फाइली जिवंत होऊन येतात: चुकून दुसऱ्याच्या नावावर लागलेला आणि मग काढलेला रिपोर्ट, दुरुस्तीआधीचा रक्तगट. सध्या तुमच्या पडद्यावर जे अर्धवट दिसतंय त्यात असं काही परत आलेलं नाही ना, हे कोणी तपासलंय का? आम्हाला सांगा.

"सर्व्हरमध्ये दोन डिस्क होत्या, एकावर लिहिलेलं दुसरीवर आपोआप जायचं, आणखी काय करणार," असं बैठकीत एका पदाधिकाऱ्यांनी विचारलं. दोन डिस्क असल्या तर एक बिघडल्यावर काम थांबत नाही, एवढाच त्यांचा उपयोग. कोणी चुकून फाइल पुसली तर ती दुसरीवरूनही त्याच क्षणी पुसली जाते. व्हायरसने कुलूपबंद केली तर दोन्हीकडे कुलूप. आणि विजेचा झटका आला तर दोन्ही एकाच डब्यात असतात. कालची, परवाची, मागच्या महिन्याची स्थिती जपून ठेवणं हे बॅकअपचं काम आहे, आणि ते ही जोडी करत नाही.

बॅकअपची डिस्क कुठे होती? सर्व्हरच्याच खोलीत, त्याच नेटवर्कवर, सर्व्हरला तिच्यावर लिहायची आणि पुसायची मुभा देऊन. या खेपेला रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, आलं नाही, हे आपलं नशीब. आलं असतं तर त्याने आधी ही डिस्कच खाल्ली असती. २३ नोव्हेंबर २०२२ ला दिल्लीच्या एम्सवर असा हल्ला झाला आणि देशातल्या सगळ्यात मोठ्या रुग्णालयांपैकी एक कित्येक दिवस कागद-पेनावर चाललं. जून २०१७ मध्ये आपल्या शेजारी जेएनपीटी बंदरातल्या एका टर्मिनलचं काम नॉटपेट्या नावाच्या व्हायरसमुळे ठप्प झालं होतं. यावर उपाय ठाऊक आहेत: बॅकअप घेणाऱ्या यंत्राने सर्व्हरकडून डेटा ओढून घ्यावा, सर्व्हरला त्या यंत्रावर पुसायचा अधिकार देऊ नये. इन्क्रिमेंटलचा आकार रोज पाहावा. रोज ८-१० गिगाबाइट असणारा बॅकअप एका रात्री अचानक शेकडो गिगाबाइटचा झाला तर त्याचा अर्थ असा की कोणीतरी सगळ्या फाइली बदलतंय, आणि फोन करून माणसं उठवायची वेळ आली आहे.

आणि एक प्रत इमारतीच्या बाहेर हवी. मुंबईत हे सांगावं लागू नये. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा तळमजल्यावरच्या कपाटांचं काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय. २१ जून २०१२ ला मंत्रालयाला आग लागली आणि फाइलींचे मजलेच्या मजले गेले. तुमची अभिलेख खोली तळमजल्यावर आहे आणि सर्व्हरची खोली तिच्या शेजारी. कागद आणि संगणकावरची प्रत एकाच पाण्यात जाईल अशी ही रचना आहे.

बॅकअपमधून डेटा परत काढून पाहण्याची चाचणी तुमच्याकडे कधीच झाली नव्हती. माझ्या कार्यालयात दर महिन्याला होते. लेखा विभागातली कोणीतरी व्यक्ती एका फाइलचं नाव आणि दीड-दोन महिन्यांपूर्वीची एक तारीख कागदावर लिहून देते. ती फाइल, त्या दिवशी होती तशी, वेगळ्या संगणकावर काढून तिच्यासमोर उघडायची. ती म्हणाली बरोबर, की नोंदवहीत तिची सही. तासाभराचं काम आहे. हे तुमच्याकडे एकदा जरी झालं असतं तरी बंद पडलेला फुल बॅकअप त्याच दिवशी उघड झाला असता, आणि कदाचित २००९ ची तारीखही.

कायद्याचा मुद्दा थोडक्यात मांडते, कारण हे पत्र धमकीचं नाही. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार दाखल रुग्णांच्या नोंदी उपचार सुरू झाल्यापासून ३ वर्षं जपायच्या आणि मागितल्या तर ७२ तासांत द्यायच्या असतात. डिजिटल वैयक्तिक डेटाच्या २०२३ च्या अधिनियमात डेटा चोरीला जाणं तर उल्लंघनात मोडतंच, पण तो नष्ट होणं किंवा हाताशी न राहणंही त्याच व्याख्येत धरलेलं आहे. "तांत्रिक बिघाड" या दोन शब्दांत ते बसत नाही.

आता आमच्या मागण्या.

सगळ्यात तातडीची मागणी अशी की जुने संगणक भंगारात देऊ नका. रक्तपेढीतल्या स्कॅनरला जोडलेला तो संगणक तर जागचा हलवूही नका आणि वापरूही नका. स्कॅन आधी त्याच्या स्वतःच्या डिस्कवर तयार होतं आणि मग सर्व्हरवर जातं. जी फाइल बॅकअपने ओलांडली, ती तिथे अजून पडून असण्याची चांगली शक्यता आहे. काही पुसल्या गेल्या असतील तरी त्या जागेवर दुसरं काही लिहिलं जात नाही तोवर त्या परत काढता येऊ शकतात. प्रत्येक दिवसाच्या वापराने ती शक्यता कमी होते. सर्व्हरच्या दोन्ही डिस्क आणि वाचता न आलेल्या प्रतीची बॅकअप डिस्कही सीलबंद करून ठेवा. मुंबईत बिघडलेल्या डिस्कमधून डेटा काढून देणारे जाणकार आहेत. त्यांच्याकडून लेखी अंदाज घ्या आणि खर्च किती, मिळण्याची शक्यता किती, हे आम्हाला दाखवा. खर्च जास्त असेल तर पालक वर्गणी काढतील. पण प्रयत्न न करता सोडून द्यायचा अधिकार मंडळाला नाही.

दुसरी मागणी: खिडकीवरची सूचना बदला. कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंतच्या कोणत्या नोंदी गेल्या हे स्पष्ट लिहा. अँटिबॉडी सापडलेल्या प्रत्येक रुग्णाच्या घरी फोन करा. डॉक्टरांच्या वहीत, वॉर्डच्या रजिस्टरमध्ये, केसपेपरवर त्यांची नावं आहेत. त्या कामासाठी पालकांमधले स्वयंसेवक बसायला तयार आहेत. तोपर्यंत वारंवार रक्त घेणाऱ्या कोणत्याही रुग्णाला "इतिहास नाही" असं न धरता "इतिहास माहीत नाही" असं धरा, आणि पिशवी कशी निवडायची हे रक्तपेढीच्या डॉक्टरांना ठरवू द्या. प्रत्येक मुलाला त्याचा गट आणि अँटिबॉडी लिहिलेलं, प्लॅस्टिकमध्ये बंद केलेलं कार्ड द्या.

नवीन सॉफ्टवेअरचा करार करण्याआधी बॅकअपची अट त्यात लेखी घाला: आठवड्याला फुल, रोज इन्क्रिमेंटल, डेटाबेसचा लॉग दिवसभर, तीन प्रती, त्यातली एक इमारतीबाहेर आणि एक अशी जी नेटवर्कवरून पुसता येणार नाही. "सगळं क्लाउडवर असेल" या उत्तरावर समाधान मानू नका. तिथेही पुसलेलं पुसलंच जातं, जर जुन्या प्रती किती दिवस ठेवायच्या हे करारात नसेल. आणि करार संपला तर आमच्या मुलांच्या नोंदी कोणत्या स्वरूपात परत मिळतील, हेही आधीच विचारा.

सगळ्या संगणकांच्या घड्याळांचे सेल बदला आणि ते वेळेच्या सर्व्हरला जोडा. हे या आठवड्यात होऊ शकतं, यासाठी मंडळाची सभा लागू नये.

संगणक विभागाला आणखी एक माणूस द्या, ज्याच्याकडे बॅकअपशिवाय दुसरं काम नसेल. त्याने दर महिन्याला परत काढण्याची चाचणी घ्यावी आणि तिचा निकाल सूचना फलकावर लावावा. चाचणीची फाइल कोणती, हे रुग्णांच्या प्रतिनिधीने सांगावं. रविवारी मला सुट्टी असते. पहिल्या काही चाचण्यांना मी स्वतः येऊन बसेन, मानधन नको.

उत्तर लेखी हवं, मंडळाच्या सहीचं, आणि खिडकीशेजारी लावलेलं. भंगारवाल्याला दिलेली ऑर्डर मात्र उत्तराची वाट न पाहता आजच थांबवा. रक्तपेढीतला तो संगणक अजून टेबलावर आहे, परवा मी पाहिला आहे.

आपली,
एका थॅलेसेमियाग्रस्त मुलाची आई
भांडुप, मुंबई